दोन रविवारांचं भाडं

आमच्या शेजारची लेसिएली चाळीस वर्षं शाळेत स्वयंपाकाला होती. तिला भांडताना मी कधी पाहिलं नव्हतं. राग आला की ती भांडी घासायला घ्यायची.

सिडनीतल्या तिच्या भावानं, फेलेतीनं, गावच्या चर्चसाठी चाळीस बाकं कंटेनरमधून पाठवली. वीस वर्षं तो सगळं सामान मेहुण्याच्या नावावर पाठवायचा, तसंच याही वेळी पाठवलं. मेहुणा, म्हणजे लेसिएलीचा नवरा मनासे, फेब्रुवारीत वारला होता. फेलेती मातीला येऊनही गेला होता.

राजधानीत, नुकुअलोफाला, मी तिच्यासोबत जहाज कंपनीच्या कचेरीत गेले, तेव्हा कारकून म्हणाला, "मावशी, सही मनासेंचीच लागेल. त्यांना घेऊन या."

"तो नाही यायचा."

"का? बाहेरगावी असतात?"

"पुरलाय."

कारकुनानं मान खाली घालून दुसरा अर्ज काढला.

परतताना बसमध्ये ती मला म्हणाली, "किती दिवसांनी कुणीतरी मनासेबद्दल तो घरी असल्यासारखं बोललं." 

मृत्यूचा दाखला, भावाचं पत्र, नवी कागदपत्रं, यात एकोणीस दिवस गेले. कंटेनर पाच दिवसांत उचलला नाही, तर पुढे जागेचं भाडं, रोज साठ पांगा. कारकुनानं चौदा दिवसांचं बिल पुढे सरकवलं. लेसिएलीनं एकेका तारखेवर बोट ठेवलं.

"यात दोन रविवार आहेत."

"आहेत."

"रविवारी मी आले असते, तर दिला असतास कंटेनर?"

"भलतंच! कायद्यानं सगळं बंद. पोलीस धरतील मला."

"म्हणजे तू देणार नाहीस, आणि मी नेला नाही म्हणून पैसे घेणार. रविवारी धंदा करायला बंदी ना? मग त्या दिवशी तुमची कमाई कशी झाली?"

कारकून आत साहेबांकडे गेला. साहेब दर रविवारी त्यांच्या चर्चमध्ये प्रवचन द्यायचे. ते बाहेर आले, बिल बघितलं, पेनानं रविवारच्या दोन ओळी खोडल्या आणि आत गेले.

उरलेल्या बारा दिवसांसाठी लेसिएलीनं एक बारीक विणीची चटई विकली. आमच्याकडे माणसाला अशा चटईत गुंडाळून पुरतात; ही तिनं स्वतःच्या मयतासाठी राखून ठेवली होती. बाकं आली. पाद्रीबाबांनी देवाचे आणि फेलेतीचे आभार मानले.

सोमवारपासून ती नवी चटई विणायला बसली आहे. दोन वर्षं लागतील म्हणते, तोवर मरायला सवड नाही.