आमच्या साडूंचं सस्पेन्शन

आमचे साडू हे उपनगरातले असे एकमेव गृहस्थ आहेत, ज्यांनी गेल्या चार वर्षांत एकही मोटारगाडी वरून पाहिलेली नाही. रंग कोणता, दिवे कसे, आत स्क्रीन केवढा, छताला खिडकी आहे की नाही, हे त्यांना विचारण्यात अर्थ नाही. गाडी दिसली की ते थेट खाली वाकतात. मग ती सोसायटीत उभी असो, सिग्नलला थांबलेली असो, नाहीतर हॉलबाहेर फुलं लावून नवरानवरीची वाट बघत असो. एकदा बोरिवलीत एका लग्नात पंगत बसायची वेळ झाली तरी साडू दिसेनात म्हणून मी शोधायला बाहेर पडलो, तर नवरदेवाच्या गाडीच्या मागच्या चाकाशी दोन पाय तेवढे दिसले, नव्या कोल्हापुरी चपलांसकट. "स्प्रिंगचे पाटे आहेत हो मागे," खालून आवाज आला, "नवरी घरी पोचेपर्यंत खिळखिळी होणार." नवरीचे दोन्ही काका शेजारीच उभे होते. त्यातल्या थोरल्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे मुलाकडचे का?" मी म्हणालो, हो.

हे वेड कशापायी, ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की माणूस गाड्यांचा शौकीन आहे. चार वर्षांपूर्वी साडू आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, स्कूटरवरून घरी येत होते. दिंडोशीजवळ एका खड्ड्यात स्कूटर आपटली. साडूंना खरचटलंही नाही. मागे बसलेल्या ताईच्या पाठीचे दोन मणके गेले. ऑपरेशन झालं, ती घरात हिंडूफिरू लागली, पण चाकावरच्या कुठल्याही वस्तूत बसली की बारीकशा धक्क्यानेही कमरेपासून टाचेपर्यंत वीज गेल्यासारखी कळ जाते. त्यामुळे ती बिल्डिंगच्या फाटकाबाहेर पडेनाशी झाली. आणि तिची आई, माझ्या सासूबाई, वय चौऱ्याऐंशी, राहतात मुलुंडला, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर. बोरिवली ते मुलुंड म्हणजे काही परदेश नव्हे, पण चार वर्षं या मायलेकींची भेट नाही. फोनवर एकमेकींना बघतात, त्यातही सासूबाई फोन असा धरतात की ताईला फक्त त्यांचं कपाळ दिसतं. चूक खड्ड्याची होती, असं आम्ही सगळ्यांनी साडूंना सांगून पाहिलं. "खड्डा जागच्या जागी होता," ते म्हणाले, "त्याच्याकडे गेलो मी." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटर विकून टाकली आणि ठरवलं, की जिच्यात ताईला धक्का न लागता आईकडे नेता येईल अशी गाडी शोधायची. तोवर तिला कुठल्याच वाहनात बसवायचं नाही.

मुळात हा माणूस एका जागी बसणारा नव्हेच. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून इतकी वर्षं खुर्चीवर कसे टिकले, हे त्यांच्या साहेबांनाच ठाऊक. जेवताना दोनदा उठतात. चहा उभ्याने पितात आणि पिता पिता गॅलरीत जाऊन खाली कोणाची गाडी आली ते बघून येतात. त्यात हा शोध सुरू झाल्यावर तर विचारायलाच नको. सकाळी सात वाजता माझा फोन वाजला की तो साडूंचाच, आणि नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम, "मल्टिलिंक म्हणतात ते सस्पेन्शन बघितलं काल. उठलात का?" माझी बायको पांघरुणातूनच सांगते, "तू जा रे त्यांच्याबरोबर. माझ्या बहिणीसाठीच चाललंय ना?" यावर नवऱ्याने काय बोलायचं? अशा रीतीने चार वर्षांत माझ्या दुपारच्या झोपेचे बहुतेक रविवार अंधेरीपासून ठाण्यापर्यंतच्या शोरूममध्ये गेले.

साडूंच्या कृपेने मला जे ज्ञान झालं, ते त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर लाटणं आणि दोन वाट्या घेऊन दिलं. लाटण्याच्या दोन टोकांना दोन वाट्या टेकवून म्हणाले, "हा सलग दांडा, ही दोन चाकं. दणकट काम, ओझं वाहायला एक नंबर. पण हे चाक खड्ड्यात गेलं की तेही कलतं. एकत्र कुटुंब. एकाला ठेच लागली की दुसरा बोंबलतो." मग लाटणं काढून घेतलं. "आता हे इंडिपेंडंट. प्रत्येक चाकाचं बिऱ्हाड वेगळं. याचं याला, त्याचं त्याला." माझ्या बायकोला हे फारच पटलं. त्यात गाडीचा भाग किती होता, ते मी विचारलं नाही. पाटे सर्वांत कडक, त्याहून गुंडाळीची स्प्रिंग बरी, आणि सर्वांत वरची पायरी म्हणजे एअर सस्पेन्शन. त्यात स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या असतात, बटण दाबलं की सबंध गाडी खाली बसते, माणूस आत शिरला की पुन्हा उभी राहते. हे सांगताना साडूंचा आवाज देवळात बोलल्यासारखा झाला होता. अशा गाडीची किंमत विचारली, त्या दिवशी मात्र ते आयुष्यात पहिल्यांदा गाडीखालून स्वतःहून बाहेर आले.

त्यांची परीक्षा घेण्याची रीत ठरलेली होती. मधल्या सीटवर काठोकाठ भरलेला ताकाचा पेला, आणि त्याच्या शेजारी मी. मला एकदा कमरेत उसण भरली होती, एवढ्या भांडवलावर माझी निवड झाली होती. "ताक बाजूचं सांगतं, तुम्ही खालचं सांगा," असं कामाचं वाटप होतं. कारण यातली मेख अशी, की गाडी मऊ असली की धक्का कमी, पण वळणावर ती होडीसारखी डुलते आणि ताईला मळमळतं. डुलू नये म्हणून कडक करावी, तर मणके बोलतात. बोरिवलीहून मुलुंडपर्यंतचा प्रत्येक स्पीडब्रेकर त्यांना पाठ होता, आणि प्रत्येकाला त्यांनी नावही दिलं होतं. पवईची थोरली, भांडुपची बोडकी, असं काहीबाही. थोरलीवरून गाडी गेली की आरशातून प्रश्न यायचा, "मणक्यात की कमरेत?" मी एकदा वैतागून "डोक्यात" म्हणालो, तर त्यांनी तेही वहीत लिहिलं. सेल्समन सनरूफ दाखवायला लागले की म्हणायचे, "मला वर जायचं नाही हो, खालचं दाखवा ना." अंधेरीच्या एका शोरूममध्ये आम्ही दारात दिसलो, की सीटवर वर्तमानपत्र अंथरायची पद्धत पडली होती. दरवेळी काहीतरी कमी पडायचं. ताक सांडायचं, नाहीतर मी.

आता या सगळ्यात 'सस्पेन्शन' हा शब्द आमच्या घरात मिठाइतका वापरला जात होता, आणि तिथेच घोटाळा झाला. माझी बायको एकदा सासूबाईंच्या खिडकीशी उभी राहून ताईशी फोनवर बोलत होती. "भाऊजींचं सस्पेन्शनचं काही सुटत नाही गं," असं म्हणाली. "चार वर्षं झाली. मला नाही वाटत यातून काही निघेल." सासूबाईंना ऐकायला थोडं कमी येतं, पण हे नेमकं ऐकू आलं. सरकारी नोकरी, आणि चार वर्षांचं सस्पेन्शन. जावई निलंबित झाला आणि मुलींनी आईपासून लपवलं, एवढाच त्याचा अर्थ. ज्याअर्थी सांगितलं नाही त्याअर्थी विचारू नये, ही त्यांची शिस्त. फक्त मला एकट्याला गाठून हळू आवाजात म्हणाल्या, "चौकशी चालू आहे का अजून?"

"चालू म्हणजे? दर रविवारी," मी म्हणालो. मला वाटलं, शोरूमची चौकशी.

"रविवारीपण?" त्यांनी तोंडाला पदर लावला. "निकाल कधी लागणार?"

"काही सांगता येत नाही, आई. वरून सगळं छान दिसतं, गोम खाली असते. त्यांना दरवेळी खाली काहीतरी सापडतं."

"खालच्याच लोकांनी अडकवलं असणार," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मी आपला मान हलवून जिना चढलो.

पुढच्या मंगळवारी आम्ही दोघं कामावर गेल्यावर सासूबाई इस्त्रीचं नऊवारी नेसल्या, पिशवीत बेसनाचे लाडू भरले आणि नाक्यावरून रिक्षा पकडून एकट्या बोरिवलीला गेल्या. रिक्षा. जिचं मागचं सस्पेन्शन नावापुरतंच असतं, असं साडू नेहमी सांगत आणि म्हणून आईंना कोणीही रिक्षात बसवू नये, अशी त्यांनी आम्हा सर्वांना ताकीद दिली होती. भांडुप, पवई, जोगेश्वरी, मग हायवे, असा दीड तास. साडू त्या दिवशी रजेवर होते, कुठलीतरी गाडी बघायला निघायच्या तयारीत. त्यांनीच दार उघडलं.

पुढचं मला ताईने सांगितलं. सासूबाई आत आल्या, धापा टाकत खुर्चीत बसल्या आणि साडूंना म्हणाल्या, "जावईबापू, मला कोणी सांगितलं नाही, पण मला कळलंय. नोकरीत असं होतं. मनाला लावून घेऊ नका. यांनासुद्धा एकदा सहा महिने घरी बसवलं होतं. रोज डबा घेऊन निघायचे आणि बागेत बसून यायचे. मुलींना आजवर पत्ता नाही." ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वडील जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट ती आत्ता ऐकत होती. साडूंना काय चाललंय ते उमगायलाच वेळ लागला. उमगल्यावर त्यांनी खुलासा केला, की आई, ते सस्पेन्शन नाही, हे गाडीचं, बसणाऱ्याला धक्के लागू नयेत म्हणून असतं ते.

सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "धक्के ना? लागले की मला. मुलुंडपासून इथपर्यंत लागले." आणि ताईकडे वळून, "तू अशी लांब का उभी? ये इकडे."

हे सांगताना ताई हसत होती आणि मला मात्र साडूंची दया आली. चार वर्षं हा माणूस लेकीला आईकडे न्यायची गाडी शोधत होता, आणि आई लेकीकडे आली ती नेमकी त्यांनीच मनाई केलेल्या वाहनातून. ते त्या दिवशी गाडी बघायला गेले नाहीत. गॅलरीत उभे राहिले, म्हणे, बराच वेळ.

सासूबाई आठ दिवस राहिल्या. त्यांना परत सोडायची वेळ आली तेव्हा साडू पुन्हा हलले. बोरिवलीतल्या एका शोरूममध्ये डिमेलोबाई म्हणून आहेत, जवळच्या गावठाणातल्या, पन्नाशीच्या. त्यांनी या गिऱ्हाइकाला इतक्यांदा गाडीखालून बाहेर ओढलं होतं, की आता ओळख घरच्यासारखी झाली होती. साडूंनी त्यांना खरं काय ते सांगितलं: ती हवेच्या पिशव्यांची गाडी घ्यायची ऐपत नाही, फंडाचे सगळे पैसे घातले तरी नाही, पण एकदा मुलुंडपर्यंत हवी आहे. "टेस्ट ड्राइव्ह लांबली असं लिहिते मी," डिमेलोबाई म्हणाल्या. "पण काका, ताक नको हां या वेळी."

मीही गेलो होतो. गाडी फाटकाशी आली, साडूंनी बटण दाबलं, गाडी खाली बसली. तेवढ्यात ताई, जी आईला निरोप द्यायला काठी टेकत खाली आली होती, म्हणाली, "मी पण येते." चार वर्षं ज्या वाक्यासाठी साडूंनी रस्ते पालथे घातले ते वाक्य ऐकून त्यांचा चेहरा अगदी पांढरा पडला. मी तिला हात दिला. ती आत बसली, शेजारी सासूबाई. पुढे साडूंच्या शेजारी डिमेलोबाई, मांडीवर लाडवाचा डबा. मी सर्वांत मागे, गुडघे हनुवटीला लावून.

मी अशी गाडी जन्मात पाहिली नाही. पवईची थोरली आली नि गेली, समजलंसुद्धा नाही. अर्थात त्याआधी दिंडोशीला साडूंनी गाडी इतकी हळू नेली, की मागून हॉर्नचा नुसता गजर झाला, तरी त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. भांडुपजवळ मात्र आदल्या दिवशीच कोणीतरी रस्ता आडवा खणून माती लोटून ठेवली होती. ती चरी त्यांच्या वहीत नव्हती. गाडी आपटली.

"लागलं?" साडूंनी विचारलं.

"नाही हो," ताई म्हणाली. "कळलंच नाही मला."

मी मागे होतो, म्हणून मला दिसलं. तिने आईचं मनगट असं घट्ट धरलं होतं, की सासूबाईंच्या बांगड्या कातडीत रुतल्या होत्या. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि हात सोडवून घेत नव्हत्या. मी समोर पाहिलं. आरशात साडूंचे डोळे होते, आणि ते त्या हाताकडेच बघत होते.

मग त्यांनी हात वर केला आणि तो आरसा हळूच छताकडे फिरवून टाकला. मुलुंड येईपर्यंत त्यांनी पुन्हा एकदाही विचारलं नाही. ताई आईशी बोलत राहिली.