जीवितहानी : नाही

तारखेच्या दिवशी भागाआत्या पोलादपूरहून पहिल्या एसटीने महाडला यायची आणि थेट माझ्या टेबलापाशी उभी राहायची. "आलेय मी. मांड हजेरी."

फिर्यादीची हजेरी कोर्टात कुणी मांडत नाही. पण आत्याने उमेदीची वर्षं रोजगार हमीवर खडी फोडण्यात घालवलेली. मस्टरवर नाव नाही तर दिवस बुडाला, एवढंच सरकार तिला ठाऊक होतं. मी सरकारी वकिलांचा कारकून. पाठकोऱ्या कागदावर काहीतरी खरडायचो आणि संध्याकाळी तो कागद टोपलीत टाकायचो. तेव्हा मला याची गंमत वाटायची. लाज वाटायला हवी होती.

जयंतीची मिरवणूक गावातून नेली म्हणून बौद्धवाडीतली घरं पेटवली गेली, त्याचा हा खटला. आत्याचा नवरा गंगाराम आडवा गेला, त्याच्या छातीवर काठ्या बसल्या. तो अंथरुणावरून उठलाच नाही आणि वर्ष सरायच्या आत गेला. दाखल्यावर फुफ्फुसाचा आजार लिहिला गेला.

आरोपी कोर्टाच्या व्हरांड्यात तिची नजर चुकवायचे. आत्या मात्र नावाने हाक मारायची. "काय रे सदू, बरा हायस ना? निकालापर्यंत बरा रहा." तडजोडीला आलेल्यांना ती चहा पाजायची आणि सांगायची, "जजसायबासमोर कबूल करा. मंग माफीचं बघू."

एवढ्यात सरकारला सलोख्याचा उमाळा आला. जुन्या दंगलींचे खटले मागे घ्या, फक्त जीवितहानी झालेले सोडून, असा आदेश निघाला. ज्यांच्या घराची कौलंसुद्धा तडकली नव्हती ते दुसऱ्याची राख विसरायला निघाले. भरायचा तक्ता माझ्याकडे आला. जीवितहानीच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "दोषारोपपत्रात खून आहे का? मग लिहा, नाही." मी लिहिलं.

कायद्याने पीडितेला विचारणं भाग होतं, म्हणून विचारलं. आत्या उभी राहिली. "सायेब, सरकारचं घर जळलं नाय. मंग सरकार कशाला माफ करतंय?" न्यायाधीशांनी तिचं म्हणणं शब्दन् शब्द नोंदवून घेतलं आणि खटला मागे घ्यायला परवानगी दिली.

बाहेर पेढे वाटले गेले. आमच्या कार्यालयातही एक पुडा आला आणि आम्ही तो ठेवून घेतला.

आत्या माझ्या टेबलापाशी आली. "काय लिवलंय ते वाचून दाखव." मी खटला मागे घेण्याचा अर्ज वाचला, आणि माझ्या तक्त्यातून त्यात उतरलेल्या 'जीवितहानी झालेली नाही' या वाक्यापाशी अडखळलो.

"ह्ये कोनी लिवलं?"

"मी, आत्या."

"तुला तर म्हाईत होतं."

"साहेबांनी सांगितलं."

"सदू पन पोलिसांना ह्येच म्हनला होता. गावकीनं सांगितलं," आत्या म्हणाली आणि पिशवी उचलून स्टँडकडे चालू लागली.