सोललेलं चिकन

मुलाच्या वाढदिवसाच्या यादीत मी 'तळलेलं चिकन, बारा तुकडे' लिहिलं होतं. काल संध्याकाळी खोका उघडला आणि त्या गरम, तिखट वासासरशी मी नंदनवन वस्तीतल्या आमच्या जुन्या घरी पोचले.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते. टायफॉइड उतरला होता, पण घास घशाखाली जात नव्हता. वरण-भात, खीर, सगळं परत जायचं. "मग खाशील तरी काय वं?" आई रडकुंडीला आली. बाबांनी एकदा चौकातल्या गाडीवर तळलेलं चिकन खाऊ घातलं होतं. मी तेच मागितलं.

आईने जन्मात मांसाला हात लावला नव्हता. बाबा ऑफिसात होते. ती नाकाला पदर लावून स्वतः गेली आणि कागदाची पुडी घेऊन आली. अंगणात माझ्यासमोर बसून तिने तुकडा उचलला, आणि वरचं लाल, कुरकुरीत आवरण संत्र्यासारखं सोलून फेकलं.

"आई! तेच तर चांगलं लागते, काहून फेकलं?"

"मले वाटलं, साल आहे. आतलं खाय आता."

मला हसू फुटलं. हसता हसता मी सगळं खाल्लं. ती हाडावरचं मांस सोडवून घास भरवत राहिली.

तेव्हा फेकलेल्या सालीचीच हळहळ वाटली होती. आज आठवतात तिची तेलाने माखलेली बोटं.

काल मी माझ्या तुकड्याचं आवरण काढून मुलाच्या ताटात ठेवलं.

"तुला नको?" त्याने विचारलं.

"मला सोललेलंच आवडतं," मी म्हणाले.