ज्ञानदेव फिटरांचे तळवे

कर्वेनगरात ज्ञानदेव फिटरांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे दोन गाड्या मावतील एवढी शेड आणि पुढच्या पत्र्यावर पिवळ्या रंगात लिहिलेली सूचना : 'गाडीचे दुखणे सांगू नये. विचारल्यास सांगावे.' गेल्या तीस वर्षांत त्यांनी फारसं कुणाला विचारलंही नाही. गिऱ्हाईक बोलायला लागलं की तेच डोक्यात बसतं आणि मग हात तेच शोधत राहतात, असं त्यांचं म्हणणं. गाडी घ्यायची, चपला काढायच्या, अनवाणी चालवून आणायची आणि उतरताना एका वाक्यात निकाल द्यायचा. बेअरिंग गेलंय की इंजिनाचं माउंटिंग, ते त्यांचे तळवे सांगत. लोक हसत, पण नारायण पेठेपासून वारज्यापर्यंतचे लोक गाडी त्यांच्याकडेच आणत. या गोष्टीचा फिटरांना चांगलाच ताठा होता.

मंगळवारी सकाळी साडेदहाला हेमाताई कांबळे आपली व्हॅन घेऊन आल्या. कर्वेनगरातली सात मुलं त्या बावधनच्या शाळेत नेतात आणि परत आणतात. आधी दोन ठिकाणी जाऊन आल्या होत्या. एकाने चाकांचं बॅलन्सिंग केलं, दुसऱ्याने अलाइनमेंट केली आणि एक टायर बदलायला लावला. गाडी होती तशीच होती.

"काका, साडेबाराला शाळा सुटते. बाराला मला निघायलाच हवं," हेमाताई म्हणाल्या. "गाडीचं ना असं होतंय की..."

"पाटी वाचलीत का?"

"वाचली. पण आत सात मुलं असतात हो."

"म्हणूनच गप्प बसा."

हेमाताई गप्प बसल्या आणि शेजारच्या सीटवर चढल्या. फिटरांनी चपला शेडमध्ये काढल्या आणि व्हॅन बाहेर घेतली.

आता जी गोष्ट फिटरांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती, ती सांगायला हवी. गेल्या पावसाळ्यापासून त्यांचे तळवे बधिर होत चालले होते. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही थांबल्या. दिवाळीच्या सुमारास ते एकदा पायात एकच चप्पल घालून वाण्याकडे जाऊन आले. बायकोने, नंदाकाकूंनी, दारात विचारलं तेव्हा त्यांना कळलं. दुसरी चप्पल रस्त्यात कधी निसटली याचा पत्ता नव्हता. डॉक्टरांनी शुगरचा आकडा पाहून चष्मा काढला आणि पायांना जपायला सांगितलं. फिटरांनी गोळ्या आणल्या, टूलबॉक्सच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अनवाणी गाडी चालवायला घेतली. थोडं कमी कळतं, एवढंच त्यांनी स्वतःला सांगून ठेवलं होतं. माणूस हट्टाला पेटला की स्वतःलाही फसवतो आणि वर स्वतःवरच खूश होतो.

वारजे मागे टाकून चांदणी चौकाचा चढ लागला. फिटरांनी डावा पाय सपाट टेकवला आणि उजव्याने ॲक्सिलरेटर दाबला. स्टीअरिंग हातात शांत होतं. इंजिनाचा आवाज सरळ होता. पायाखाली काही नव्हतं. त्यांनी आणखी दाबलं. हेमाताई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, ते त्यांना न बघताही जाणवत होतं.

"कळलं ना काका?" चढ संपल्यावर त्यांनी विचारलं.

"काही नाही. गाडी ठणठणीत आहे."

हेमाताईंचा चेहरा गोंधळला. काही बोलतील असं वाटलं, पण मग त्यांनीच मान हलवली. "आपण म्हणताय म्हणजे नसेल. मलाच भास होत असेल. झोप होत नाही हल्ली."

परत येताना वारज्याच्या सिग्नलला थांबावं लागलं. गिअरजवळच्या खाचेत कुणा मुलाची पाण्याची बाटली राहिली होती, पारदर्शक, अर्धी भरलेली. सिग्नल सुटला, फिटरांनी गाडी दामटली आणि सहज त्यांचं लक्ष बाटलीकडे गेलं. पाणी थरथरत होतं. खड्ड्यात गाडी गेल्यावर उडतं तसं नाही. उकळी यायच्या आधी चहा थरथरतो तसं, बारीक आणि न थांबता. त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला तेव्हा पाणी शांत झालं. पुन्हा दाबला, पाणी पुन्हा थरथरायला लागलं. तीनदा केलं आणि तीनदा तसंच झालं. आणि बाटलीपासून वीतभर अंतरावर त्यांचा डावा तळवा गाडीच्या पत्र्याला टेकलेला होता आणि त्याला यातलं काहीही कळत नव्हतं.

फिटरांना भीती वाटली. त्या पाण्याची नाही, स्वतःच्या पायाची.

शेडमध्ये आल्यावर त्यांनी गाडी बंद केली. अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. हेमाताईंनी हात पुढे केला. "किल्ली देता ना? वेळेआधी पोचते मग."

किल्ली फिटरांच्या मुठीत होती. द्यायची म्हटलं तर काहीच अडचण नव्हती. बाईंचा विश्वास बसला होता. झोपेचं कारणही त्यांनी स्वतःच शोधून दिलं होतं. जे काही खिळखिळं झालं असेल ते आणखी महिनाभर तग धरेल. किंवा आज एक वाजता, भर चढावर, सात मुलांसकट सुटेल. यातलं काय होणार हे तळव्यांना कळत नव्हतं, आणि तळव्यांशिवाय विचारायचं कुणाला हे तीस वर्षांत फिटर शिकलेच नव्हते.

"काका?"

"नाही देत," ते म्हणाले. "गाडी ठणठणीत नाही. मला कळलंच नाही. माझ्या पायांना आता काही कळत नाही, शुगरने गेलेत."

हे ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलले होते. हेमाताईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"मग गाडी ठणठणीत आहे हे मघाशी कुणाच्या पायांनी सांगितलंत?"

फिटरांचे शरमेने कान तापले. तीस वर्षांच्या कामात असं कुणी बोललं नव्हतं, आणि बोलायचा हक्क असलेलं माणूसही असं समोर आलं नव्हतं.

"सांगा आता," ते म्हणाले. "काय होतं, कधी होतं, सगळं."

"दाबलं की होतं, सोडलं की जातं. स्टीअरिंग हलत नाही, पायाखालचं हलतं. मुलं भरलेली असली की जास्त, चढावर तर फारच. पंधरा दिवस हेच सांगत फिरतेय. कुणी पुरतं ऐकूनच घेत नाही."

एवढं ऐकून कालच पाना हातात घेतलेल्या माणसानेही ओळखलं असतं. चाकाचा दोष असता तर ॲक्सिलरेटर सोडल्याने गेला नसता. जोर पडला की थरथरतं, म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा, एक्सल, आणि त्याच्या आतल्या टोकाचा सांधा. फिटरांनी जॅक लावला, खाली सरकले आणि उजवा एक्सल हाताने धरून हलवला. घट्ट होता. डावा धरला. सांध्यावरचं रबर चिरलं होतं, ग्रीस बाहेर फेकलं गेलं होतं आणि दांडा वरखाली खडखडत होता.

"ताई, वाकून इथे हात लावा. हलवून बघा."

हेमाताईंनी हलवलं आणि हात चटकन मागे घेतला. "हा सुटला असता तर?"

"इंजिन ओरडत राहिलं असतं आणि गाडी चढावरून मागे आली असती."

हेमाताईंनी तिथेच उकिडवं बसून दुसऱ्या व्हॅनवाल्या सोनालीला फोन लावला. बारा वाजून पाच मिनिटांनी सोनाली बावधनकडे निघाल्याचं कळलं, तेव्हा कुठे त्यांनी पदराने तोंड पुसलं. संध्याकाळपर्यंत नवा एक्सल बसवून देतो, असं फिटर म्हणाले. चढावर चालवून मात्र तुम्हीच बघा, तुम्ही ठीक म्हणालात तरच गाडी न्या, हेही म्हणाले. त्या मान हलवून रिक्षाने घरी गेल्या.

हेमाताई गेल्यावर फिटर एकेक गिऱ्हाईक आठवू लागले. दिवाळीपासून त्यांनी आणखी कुणाकुणाला 'काही नाही' म्हणून परत पाठवलं होतं? नारायण पेठेतले तात्याराव जोग पहिल्यांदा आठवले. पायाखाली काहीतरी होतंय म्हणत ते जानेवारीत आले होते, आणि फिटरांनी त्यांना चार माणसांत ऐकवलं होतं : "गाडी चांगली आहे. तुमचे पाय दाखवून घ्या कुणालातरी." त्यानंतर तात्याराव आलेच नव्हते. फिटरांनी त्यांना फोन लावला. तो उचलला जाईपर्यंत ते उभेच होते.

"तात्याराव, गाडी आहे ना? चालवू नका. मी बघितली तेव्हा चुकलं माझं. माझ्या पायांना कळत नाही हल्ली. आज घेऊन या, मी हाताने बघतो."

 तात्याराव हळू म्हणाले, "अहो, ती त्याच आठवड्यात दुसरीकडे दाखवली. डावा सांधा गेला होता. तुम्हाला सांगायला जीव धजला नाही."

फिटर खाली बसले. शेडमधली दुसरी जागा आज रिकामी होती. कालही होती. गेले दोन महिने ती कधी भरली होती, हे त्यांना आठवेना.

"आणखी कुणाकुणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

तात्यारावांनी घसा साफ केला.

"जेवण झालं का तुमचं?" ते म्हणाले.