फ्रेंच पाहुण्याचा सत्कार

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. तसे तुम्ही हसणारच म्हणा. इथे मिशिगनच्या ट्रॉयमध्ये मला बघून न हसणारा मराठी माणूस आता उरलेला नाही. दुकानात कोथिंबीर निवडत असलो तरी मागून कुणीतरी विचारतं, "काय हेमंतराव, आज गाडी कुठे लावलीत?" त्यापेक्षा सगळं मीच सांगितलेलं बरं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही फ्रान्सला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, बायको मंजिरी आणि मुलगी सानिका. पॅरिस उरकलं आणि मंजिरी म्हणाली, "आता मला तो इतिहासाचा पार्क बघायचाय." मला वाटलं, पार्क म्हणजे चार पाळणे असतील, एखादी रोलर कोस्टर असेल. कसलं काय! एकसुद्धा राइड नाही. रोमन रथ धुरळा उडवत धावतात, तळ्यातून अख्खं जहाज वर येतं, टक्कल असेल तर वारा लागेल इतक्या जवळून गरुड उडत जातात. आणि आजूबाजूच्या गावांतली साधी माणसं, कुणी बेकरीवाला, कुणी शाळेतली बाई, हौसेने जुने कपडे चढवून आपल्याच खापरपणजोबांची गोष्ट करून दाखवतात.

मी क्रेप, म्हणजे तिकडचं गोड धिरडं, खात होतो. शेजारी बघतो तर मंजिरी रडतेय. मी म्हटलं, "पाय दुखतोय का?"

तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती तुम्हाला सांगून उपयोग नाही, तुमचीही लग्नं झालेली आहेत.

तिचं असं आहे, पुण्यात कॉलेजात असताना ती एकांकिका बसवायची. चांगल्या बसवायची, बक्षिसं वगैरे. मग माझ्याशी लग्न झालं, ती डिपेंडंट व्हिसावर इथे आली, मग सानिका झाली, मग लायब्ररीतली नोकरी. सोळा वर्षं स्टेज नाही. त्या दिवशी पार्कातून बाहेर पडताना ती एवढंच म्हणाली, "आपल्याकडे काय इतिहास कमी आहे?"

झालं. परत आल्यावर आमच्या मराठी मंडळात ठराव पास, शिवराज्याभिषेकाचा प्रयोग, साठ कलाकार, जून महिन्यात शाळेचा हॉल भाड्याने. चार महिने आमच्या बेसमेंटमध्ये मावळे नांदत होते. मी लाँड्री करायला खाली गेलो की कुणीतरी माझ्या अंगावर लाकडी तलवार रोखायचं.

त्यातच बातमी आली. त्या फ्रेंच पार्कला मोठं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. सगळीकडे त्यांचं कौतुक, अमेरिकेतूनही भाषणांची बोलावणी. मंजिरीने हिंमत करून त्यांना ईमेल टाकलं, की आम्ही मिशिगनमधली मराठी मंडळी, तुमच्यापासून स्फूर्ती घेऊन असं असं करतोय. आठवड्याने उत्तर! तिथले एक दिग्दर्शक, मस्यू बोनार, त्याच सुमारास इथलं एक म्युझियम बघायला येणार होते. प्रयोगाला आनंदाने येईन म्हणाले.

मंजिरी दोन दिवस जेवली नाही नीट. मग एका संध्याकाळी मला म्हणाली, "हेमंत, मला त्याचा हार नको, तुरा नको. त्याने समोर बसून प्रयोग बघावा आणि खरं काय वाटलं ते सांगावं. आपली माणसं 'छान झालं हं' म्हणतात आणि वड्यांच्या रांगेत पळतात. मला एकदा कळू दे, मला हे अजून येतं की नाही."

मला भरून आलं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "पाहुणा माझ्याकडे सोपव."

चूक इथेच झाली.

आता माणसं समजून घ्या, दोनच आहेत. एक हे मस्यू बोनार, अडीच वाजता मुख्य दाराशी येणार. दुसरा ग्रेग. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील येऊन वाकून नजराणा देतो ना, त्या भूमिकेला गोरा माणूस हवा होता. आमच्या सुहासने त्याच्या ऑफिसातला हा ग्रेग गळाला लावला होता. संवाद एकही नाही. यायचं, तीनदा वाकायचं, अंगठी द्यायची, मागे सरायचं. ग्रेग दोन वाजता बाजूच्या दाराने येणार होता. मी ग्रेगला कधी पाहिलेलं नव्हतं. सुहासचा मेसेज होता, 'उंच, पिकलेले केस, निळं जॅकेट.' आणि बोनारचा फोटो शोधला तर त्यात सत्तर माणसं चिलखतं घालून घोड्यांवर. त्यातला बोनार कुठला ते त्याच्या आईनेच सांगावं.

प्रयोगाच्या दिवशी सिंहासन आमच्या मिनीव्हॅनमधून नेलं. सिंहासन जड, म्हणून गाडी थेट दारासमोर लावली. ती फायर लेन होती, आगीच्या बंबासाठी मोकळी ठेवायची जागा, हे मला माहीत होतं. पाच मिनिटांत हलवतो म्हटलं.

दोनला पाच कमी असताना बाजूच्या दारातून एक माणूस आत डोकावला. उंच. पिकलेले केस. निळं जॅकेट. मी त्याचा दंडच धरला. हे सगळं इंग्रजीत चाललं होतं, मी तुम्हाला मराठीत सांगतोय.

"आलास! चल, चल, कपडे घाल."

"माफ करा, मी..."

"तू कोण ते मला माहितीये. सुहासने सगळं सांगितलंय."

"पण मी प्रयोग बघायला..."

"अरे, स्टेजवरून दिसतो तसा कुठूनच दिसत नाही," असं म्हणून मी त्याच्या अंगात लाल कोट चढवलासुद्धा. डोक्यावर केसांचा टोप, त्यावर हॅट. त्याचं इंग्रजी जरा वेगळंच येत होतं. आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी शंका यायला हवी होती. पण मला वाटलं, वा, काय मेहनती माणूस आहे, आत्तापासून इंग्रजांचा अ‍ॅक्सेंट मारतोय!

"आणि मी कोण व्हायचंय?" त्याने विचारलं.

"इंग्रज."

त्याचा चेहरा एकदम पडला. "इंग्रज? मी?"

"हो. राजासमोर तीनदा वाकायचं. अगदी कमरेतून."

मग त्याचे डोळे चमकले. "इंग्रज म्हणून वाकायचं असेल," तो म्हणाला, "तर मी जमिनीपर्यंत वाकेन."

मी त्याला विंगेत एका खुर्चीवर बसवलं, हातात चहा दिला आणि मुख्य दाराकडे पळालो. सुहास किचनमध्ये वडे तळत होता आणि मंजिरी हॉलच्या मागच्या टोकाला लाइटच्या टेबलापाशी, त्यामुळे दोघांनीही या माणसाला पाहिलं नाही.

अडीच वाजले. बोनार नाहीत. पाहुणा परदेशी म्हणून मंजिरीने आमच्या मंडळाच्या इतिहासात प्रथमच कार्यक्रम वेळेवर सुरू केला. पहिला प्रवेश झाला, दुसरा झाला. पहिल्या रांगेत मखमली खुर्ची, त्यावर 'प्रमुख पाहुणे' अशी चिठ्ठी, आणि खुर्ची रिकामी. मी दारात आरतीचं ताट घेऊन उभा. मंजिरी अंधारातून सारखी त्या खुर्चीकडे बघत होती. सोळा वर्षांनी बायकोने एक गोष्ट मागितली होती, आणि तीही माझ्याच्याने होईना.

मध्यंतराची घोषणा होतेय तोच दार उघडलं आणि एक उंच, पिकल्या केसांचा माणूस घाईघाईने आत आला. मला इतकं हायसं वाटलं की मी पुढचं काही ऐकलंच नाही.

"इथे इन चार्ज कोण आहे?" त्याने विचारलं.

"मी! बाँजूर!" म्हणून मी त्याला गंध लावलं, ओवाळलं आणि तो पुढे काही बोलणार एवढ्यात तोंडात पेढा घातला. पेढा सुहासच्या आईने केलेला. तो तोंडात गेला की माणूस दोन मिनिटं तरी बोलू शकत नाही.

"म्म्... बाहेर एक..."

"बाहेरचं नंतर. आधी सत्कार."

त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. शाल घातली, श्रीफळ दिलं. सानिका याच शाळेत फ्रेंच शिकते, तिच्याकडून मी चार मिनिटांचं भाषण लिहून घेतलं होतं. ते मी पूर्ण वाचलं. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मला वाटलं, मातृभाषा ऐकून गहिवरला. सानिका मात्र विंगेतून माझ्याकडे हातवारे करत होती. मला वाटलं, उच्चार चुकतायत.

शेवटी मी माइक त्याच्या हातात दिला. "दोन शब्द."

तो उभा राहिला. शाल सावरली. नारळ एका काखेत.

"थँक यू," तो म्हणाला. "माझं नाव अर्ल. एकोणीस वर्षं मी या शाळेची देखभाल करतो. आजपर्यंत कुणी मला नारळ दिला नव्हता. ते गृहस्थ जे बोलले त्यातलं मला काही कळलं नाही, पण फार मनापासून बोलले. आता, एक पांढरी मिनीव्हॅन फायर लेनमध्ये उभी आहे. टो ट्रक आलाय. नंबर प्लेटवर लिहिलंय, बी, ए, पी, पी, ए."

बाप्पा. ट्रॉयमध्ये ती प्लेट कुणाची हे लहान पोरालाही ठाऊक आहे. साडेतीनशे माणसं एकदम माझ्याकडे वळली.

मी धावलो. बाहेर व्हॅनची पुढची चाकं हवेत. मी ट्रकवाल्याच्या विनवण्या करत राहिलो. आत मध्यंतर संपून पडदाही वर गेला, तोच शेजारी एक गाडी थांबली आणि तिच्यातून उंच, पिकल्या केसांचा, निळ्या जॅकेटमधला माणूस उतरला.

"हाय, मी ग्रेग. सुहास म्हणाला होता, वेळ दोनची दिलीय, पण तुमचं काही साडेतीनच्या आत सुरू होत नाही. लवकर आलो का?"

मला घाम फुटला. हा ग्रेग. आतला तो अर्ल. मग लाल कोट घालून, चहाचा कप धरून, दीड तास विंगेत बसलाय तो?

एकीकडे माझी व्हॅन, दुसरीकडे अख्खा फ्रान्स. शहाणा माणूस आत गेला असता. पण तेवढ्यात ट्रक हलला आणि माझे पाय आपोआप त्याच्या मागे धावले.

अर्ध्या मैलावरून, हात हलवत परत आलो तेव्हा आत टाळ्यांचा कडकडाट चालला होता. प्रयोग संपला होता. मंजिरी लाइटच्या टेबलापाशी एकटी बसली होती.

"आला नाही तो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि ते मला जास्त लागलं. "सगळं नीट झालं आणि ज्याने बघायला हवं होतं त्यानेच बघितलं नाही."

"आला होता," मी म्हणालो. "दोनला पाच कमी असतानाच आला होता."

"मग कुठे बसवलास?"

मी स्टेजकडे बोट दाखवलं. साठ मावळ्यांच्या मधोमध लाल कोटातला इंग्रज प्रेक्षकांना वाकून नमस्कार करत होता.

मंजिरीने डोक्याला हात लावला. पण तो माणूस टोप काढत, गर्दीतून वाट काढत थेट तिच्याकडेच आला.

"दिग्दर्शिका तुम्ही?" बोनार म्हणाले. "मला सगळीकडे पहिल्या रांगेत बसवतात. तुम्ही पाहुण्याला विंगेत बसवता, ही पद्धत मला फार आवडली. माझ्या शेजारी एक बाई थरथर कापत होत्या. एंट्रीच्या आधी स्वतःशीच म्हणाल्या, 'मंजिरीने सांगितलंय, तीन पावलं, मग थांब.' गेल्या, तीन पावलं टाकली, थांबल्या, आणि हॉल शांत झाला. मला भाषा कळत नव्हती, तरी अर्थ मी शेजारच्या मावळ्याला विचारून घेतला. आमच्या पार्कचीही सुरुवात अशीच गावातल्या माणसांनी झाली."

मग ते स्टेजकडे वळले. "दुसरा प्रवेश लांबलाय. पाच मिनिटं कापा. आणि राजा फार लवकर बसतो, सिंहासनासमोर त्याला जरा उभा राहू द्या."

मंजिरीने वही काढली. कौतुक ऐकताना कोरडे राहिलेले तिचे डोळे या चुका लिहिताना भरून आले. मला तेव्हा कळलं, खरं सांगणारा माणूस म्हणजे काय, आणि तिला तो किती वर्षं हवा होता. मीही डोळे पुसले. अर्धा घाम होता.

"तुमच्याबद्दल तक्रार एकच," बोनार माझ्याकडे वळून म्हणाले. "तुम्ही मला इंग्रज केलंत."

अर्ल आता मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला शाल पांघरून येतो. मंजिरीला पुढच्या उन्हाळ्यात त्या पार्कने महिनाभर काम बघायला बोलावलंय. आणि गेल्या आठवड्यात त्यांच्या मासिकात आमच्या प्रयोगाचा फोटो छापून आला. सानिकाने विंगेतून फोनवर काढलेला. पुढे वाकलेले बोनार, पहिल्या रांगेत काखेत नारळ घेतलेला अर्ल, आणि हॉलच्या मागच्या काचेच्या दारांतून दिसणारा बाहेरचा रस्ता.

सानिकाने फोटो मोठा करून दाखवला. "बाबा, दॅट्स यू."

खाली बोनारनी स्वतः लिहिलेली ओळ होती, ती तिने हसत हसत मला मराठीत सांगितली, 'मागे, दूरवर: शत्रूचा पाठलाग करणारं मराठा सैन्य.'

सैन्यात मी एकटाच होतो, आणि शत्रू माझीच व्हॅन घेऊन चालला होता.