तळहातावरची ओस्ती

नळवाले बायकोबरोबर तिच्या चर्चमध्ये वर्षानुवर्षं गेले, पण त्या चर्चचे कधी झाले नाहीत. रविवारी तिला स्कूटरवरून सोडायचं, तर बाहेर ताटकळण्यापेक्षा आत पंख्याखाली बसलेलं बरं, एवढाच त्यांचा धर्म. सगळे उठले की उठायचे, बसले की बसायचे. कम्युनियनची रांग लागली की गुडघे आखडून घ्यायचे, बाकावरच्यांना बाहेर पडायला वाट करून द्यायची. पुढे जाऊन ती ओस्ती, म्हणजे प्रसादाची पातळ पांढरी चकती, खाणं हे कॅथलिकांचं काम. बायकोनं पहिल्याच रविवारी बजावलं होतं, की तुम्ही जागेवर बसा; कधी रांगेत सापडलातच तर दोन्ही हात छातीवर आडवे धरा, फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतील. घ्यायचं काही नाही.

आता त्याच चर्चमध्ये बायकोच्या अंत्यविधीची मिस्सा चालली होती. पुढ्यात तिची शवपेटी, पहिल्या बाकावर नळवाले, शेजारी लेक. रडू येत नव्हतं. वेदीमागच्या भिंतीला ओल धरली होती, आतला पाइप कुठंतरी झिरपत असणार. नजर आल्या आल्या तिथं गेली आणि तिथंच राहिली. लोक येऊन हात दाबून जात होते. हात आपला की शेजारच्याचा, हेही त्यांना धड कळत नव्हतं.

लेक कानाशी लागली. "पप्पा, आज तुम्ही पण घ्या. आईसाठी. कोण बघतंय?"

"तुझी आई बघायची."

"ती आता नाहीये ना."

रांग सुरू झाली, लेकीनं कोपराला धरून उठवलं. चारचौघांत ओढाताण नको म्हणून नळवाले निघाले. हात छातीवर धरायचे, एवढं डोक्यात पक्कं होतं. पण बेसिनखाली आडवं पडून पान्हा फिरवण्यात उजवा खांदा कधीच कामातून गेलेला. डावा हात छातीवर गेला, उजवा अर्ध्यात अडकला आणि तळवा वर करून तसाच राहिला. त्यांना ओळखणारे जुने फादर गावाला गेले होते. हे फादर नवखे. त्यांनी पुढे आलेला तळवा पाहिला, "ख्रिस्ताचं शरीर" म्हटलं आणि ओस्ती ठेवून दिली.

वजन म्हणाल तर नळातल्या वायसराएवढंही नाही. मागून लेक पुटपुटली, "तोंडात घाला, पप्पा." फादरही त्याचीच वाट बघत होते. खिशात टाकून चालत नाही, हे नळवाल्यांना ठाऊक होतं. गिळली असती तर कुणाला पत्ता लागला नसता, लेकही खूश झाली असती. मागं रांग तुंबली.

"फादर, मी कॅथलिक नाही," ते म्हणाले. "चुकून हात पुढे आला."

फादरनी काही गवगवा केला नाही. ओस्ती उचलून स्वतःच्या तोंडात घातली आणि नळवाल्यांच्या डोक्यावर हात ठेवला. हात गरम होता. बाकी काही वाटलं नाही.

बाहेर कब्रस्तानात न्यायच्या गाडीची वाट बघताना लेकीनं तोंड सोडलं. "आईसाठी एवढंसं करायचं होतं, तेही तुम्हाला जमलं नाही. वर सगळ्यांसमोर शोभा."

"तिनं मला एकदाच विचारलं होतं, घ्याल का म्हणून," नळवाले म्हणाले. "मी म्हटलं, मला ते खरं वाटत नाही. तर म्हणाली, मग कधीच घेऊ नका. माझ्यासाठी म्हणून तर मुळीच नको."

लेक म्हणाली, "मला कधी बोलली नाही."

"तू विचारलं नसशील."

गाडी आली. लेक आत बसली आणि सरकून तिनं त्यांना जागा करून दिली. नळवाले बसले. दार नीट लागलं नव्हतं, ते त्यांनी पुन्हा उघडून लावलं. रडू अजूनही आलं नव्हतं.