मला की मले

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात ‘मला’ या दोन अक्षरांना भिणारा माणूस एकच असेल, आणि तो नेमका माझा साळा आहे, बायकोचा धाकटा भाऊ. नालवाडीला त्यांचा भाजीचा मळा आहे. बाजारात तो बसला की वांगी घ्यायला आलेली बाई मेथी, कोहळं आणि त्याच्या मुलीच्या शाळेची सगळी हकिकत घेऊनच परतते. पण याच माणसाच्या हाती पेन द्या, कपाळाला घाम फुटतो. तोंडात जन्मापासून ‘मले’, कागदावर हवं ‘मला’. हात चुकला तर? म्हणून तो शब्दच टाळायचा, हा त्याचा उपाय. ‘मला अनुभव आहे’ नाही, ‘माझ्यापाशी अनुभव आहे’. ‘मला संधी द्यावी’ नाही, ‘माझा विचार व्हावा’. हळूहळू त्याला नुसत्या ‘ला’चीच धास्ती बसली. मुलीच्या शाळेत रजेचा अर्ज गेला तो ‘मुलीचे अंग गरम आहे’ असा. धाकट्या बहिणीच्या लग्नात पत्रिकांवर नावं घालताना एकशे दहा पाकिटांवर त्याने ‘यांस’ लिहिलं आणि मला म्हणाला, “हा ‘यांस’ ज्यानं काढला ना भाऊजी, त्याचे पाय धरले पाह्यजे.”

एवढं करूनही त्याचा प्रत्येक कागद तपासायला बोरगावला माझ्याकडे यायचा. नोकरीचे अर्ज मी एकूण एकतीस तपासले. मोजायची मला सवय आहे. बत्तिसावा नव्हताच, कारण दोन महिन्यांनी त्याचं वय मर्यादेबाहेर जाणार होतं आणि मळ्यावर तीन भावांचं भागत नव्हतं. वर्ध्यातल्या एका संस्थेत लिपिकाची जागा निघाली आणि एकतिसाव्या अर्जावर मुलाखतीचं बोलावणं आलं. आदल्या दिवशी तो नुसतं दार पाहून आला. “आत ढकलाचं हाय, भाऊजी. वढाचं नाई.” मग आमच्याकडे तालीम. मी साहेब होऊन स्वयंपाकघरात टेबलामागे बसलो, तो उंबऱ्यावर उभा.

“काऊन रे, तिथंच उभा काऊन राह्यला? ये ना आत,” बायको म्हणाली.

“तू नको बोलू ताई. साहेबानं बोलवाले पाह्यजे.”

साहेबांनी बोलावलं. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर त्याने आधी ताईकडे पाहिलं आणि पाणी मागितलं.

मुलाखतीच्या दिवशी मी बाहेर बाकावर होतो. एक तास दहा मिनिटांनी तो आला, चेहरा उजळलेला. “तोंडी बरं झालं. मंग साहेबानं कोरा कागद देल्ला. म्हणे, ही नोकरी तुम्हाला कशासाठी हवी, ते पंधरा मिनिटांत लिहा. दहा मिनिटं तं असेच गेले. मंग म्हटलं जाऊ दे, अन् जसं बोलतो तसं लिवलं. पान पलटवा लागलं, भाऊजी!”

“म्हणजे ‘मले’ लिहिलंस? कितीदा?”

“मोजलं नाई जी. साहेबानं इचारलं, अर्ज अन् हे एकाच माणसाचं आहे का? म्या सांगतलं, तो अर्ज भाऊजीचा हाय, हा कागद माहा.”

हे तो कौतुकाने सांगत होता, माझ्यावर राग वगैरे काही नव्हता. मला मात्र त्याचा पहिला अर्ज आठवला. नुकताच बारावी झालेला होता तो. त्या एका पानावर मी लाल पेनने ‘मले’सारख्या शब्दांभोवती सोळा गोल केले होते आणि बायकोला बोलावून वाचून दाखवले होते. तो तेव्हा हसला होता. उपाय त्यानंतर सुरू झाले, हे मला त्या बाकावर बसेपर्यंत कधी सुचलं नव्हतं.

नोकरी दुसऱ्याला मिळाली. तो बाजारात बसतो, माझ्याकडे कागद येत नाहीत. मध्ये मीच त्या संस्थेत जाऊन तो कागद मिळेल का विचारलं. जुने कागद कुणाला देत नाहीत म्हणाले. मग त्यालाच विचारलं, काय लिहिलं होतंस रे?

“आता कुठं आठवते, भाऊजी! पण चांगलं झालतं.”

असणारच. तो कागद वाचायला मिळाला असता, तर पेन खिशात ठेवून वाचला असता.